'बुलशिट'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं? एका शब्दात उत्तर नाहीये

एखादी इंग्लिश सिरीज स्पॅनिश सबटायटल लावून बघा, स्पॅनिश शिकणारे हा उद्योग करतातच. त्यात एकच पात्र एकाच भागात तीनदा 'बुलशिट' (शब्दशः बैलाचं शेण) म्हणतं आणि खाली तिन्ही वेळा वेगळंच काहीतरी उमटतं. पहिल्यांदा 'तोंतेरियास', म्हणजे मूर्खपणा. दुसऱ्यांदा 'मेंतिरा', म्हणजे खोटं. तिसऱ्यांदा तर सरळ अख्खं वाक्यच येतं आणि त्यात ना बैल असतो ना शेण. नवशिक्याला वाटतं भाषांतर करणारा बहुतेक पेंगत होता. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं, पण तो चांगलाच जागा असतो आणि तिन्ही वेळा बरोबर असू शकतो. कसा, ते बघू.

आधी मूळ घोळ समजून घ्या

स्लँग म्हणजे दोस्तांत, भांडणात, चेष्टेत चालणारे पण अर्जात किंवा ऑफिसच्या पत्रात न चालणारे शब्द. 'हे सगळं फालतू आहे' असं सांगायला इंग्लिशमध्ये असल्या शब्दांचा नुसता पूर आहे. बुलशिट, क्रॅप, बलोनी, हॉगवॉश, बंक, मलार्की, पॉपीकॉक, बॉल्डरडॅश, ब्रिटनमध्ये रबिश आणि बोलक्स, अजून कितीतरी. डिक्शनरीत या सगळ्यांपुढे 'नॉनसेन्स' एवढंच लिहून मोकळे होतात म्हणून वाटतं की हे सगळे एकच.

पण डॉक्टरकडे जाऊन 'पोटात दुखतंय' म्हटलं तर तो लगेच गोळी लिहून देतो का? आधी विचारतो नेमकं कुठे, कधीपासून, दाबल्यावर दुखतं का. 'बुलशिट' हे तसलं पोटदुखीसारखं आहे, तक्रार कळते पण नेमकं दुखणं कळत नाही. कारण त्यात निदान दोन वेगळे आरोप एकत्र बांधलेले असतात. एक, तू मूर्खासारखं बोलतोयस. दोन, तू मला गंडवतोयस. पहिल्यात समोरच्याची अक्कल काढली, दुसऱ्यात नियत. इंग्लिश माणूस एकच शब्द तोंडावर फेकून मोकळा होतो, दोन्हीतलं काय ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

मराठीत आपण असं करत नाही बघा. कोणी येडपटासारखं बोललं तर 'काहीही काय', 'मूर्खपणा आहे हा' म्हणतो आणि कोणी फसवायला लागलं तर 'थापा मारू नकोस', 'पुड्या सोडू नकोस', 'बंडल मारतोय' म्हणतो. दोन वेगळे कप्पे. स्पॅनिशही याबाबतीत आपल्यासारखीच आहे, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला आधी निदान करावं लागतं की हा आरोप अकलेचा आहे की नियतीचा. बाकीचं सगळं त्यानंतर.

इंग्लिश कचऱ्याकडे बोट दाखवते, स्पॅनिश माणसाकडे

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, इथे थोडा वेळ थांबतो.

इंग्लिश शब्दांची मुळं उकरली की खाली बऱ्याचदा घाण किंवा टाकाऊ माल निघतो. हॉगवॉश म्हणजे मुळात डुकरांना घालायचं खरकटं पाणी. रबिश म्हणजे केरकचराच. बुलशिट आणि क्रॅपबद्दल तर सांगायची गरज नाही. बॉल्डरडॅश 17व्या शतकात भलत्यासलत्या मिसळलेल्या पेयाला म्हणायचे. म्हणजे तुझं बोलणं हा एक पदार्थ आहे आणि तो फेकायच्या लायकीचा आहे, असा एकूण सूर.

स्पॅनिशची पद्धत वेगळी. तिथे आधी 'मूर्ख' या अर्थाचा शब्द घ्यायचा आणि त्याला शेपूट लावायचं. तोंतो म्हणजे बावळट, त्याचं तोंतेरिया. बोबो म्हणजे खुळा, त्याचं बोबादा. नेसियोचं नेसेदाद. एस्तुपिदोचं एस्तुपिदेस. बाबोसो म्हणजे शब्दशः लाळ गाळणारा, त्याचं बाबोसादा. आणि शिवराळ बाजूला गेलात तर स्पेनमध्ये खिलिपोयासचं खिलिपोयेस, मेक्सिकोत पेंदेखोचं पेंदेखादा, अर्जेंटिनात बोलुदोचं बोलुदेस. अगदी कारखानाच आहे, एका बाजूने मूर्ख आत टाका, दुसऱ्या बाजूने मूर्खपणा बाहेर. आपलं 'पणा' हेच करतं की, येडपटचा येडपटपणा, आचरटचा आचरटपणा, चावटचा चावटपणा.

आता याने भाषांतरात काय फरक पडतो? बराच पडतो. 'मूर्खपणा' बोलण्यातही असतो आणि करण्यातही, त्यामुळे पेंदेखादा किंवा तोंतेरिया एखाद्याच्या वाक्यालाही म्हणता येतं आणि गाडीची किल्ली आत ठेवून दार लावून घेतलं त्यालाही. हॉगवॉश असं किल्लीला नाही म्हणता येत, ते फक्त बोलण्यालिहिण्याबद्दल. शिवाय तोंतेरियाला एक मऊ अर्थ पण आहे, किरकोळ गोष्ट. 'ऊना तोंतेरिया'वरून रडू नकोस, म्हणजे एवढ्याशा कारणावरून रडू नकोस. एखाद्याला छोटीशी भेट देताना पण 'तुझ्यासाठी एक तोंतेरिया आणलीय' म्हणतात. आता विचार करा, सिनेमात कोर्टाचा सीन आहे, साक्षीदार खोटं बोलतोय, समोरचा ओरडतो 'दॅट्स बुलशिट अँड यू नो इट' आणि खाली सबटायटलमध्ये तोंतेरियास आलं तर सगळी हवाच गेली. तिथे 'एसो एस मेंतिरा इ लो साबेस' पाहिजे, हे खोटं आहे आणि तुला ते माहितीय. शिवी गेली, पण आरोप शाबूत राहिला.

अजून एक बारीक गोष्ट. इंग्लिशमध्ये बुलशिट मोजता येत नाही, वाळूसारखं आहे ते, ढीग असतो पण नग नसतात. स्पॅनिशमध्ये नग असतात, म्हणून तोंतेरियास, खिलिपोयेसेस, पात्रान्यास (थापा) असं अनेकवचन सतत दिसतं. आपल्याकडे पण थापा आणि पुड्या बहुधा अनेकवचनातच येतात, एकावर कोणी थांबत नसावं.

फसवणुकीचा कप्पा

नियतीचा आरोप करायचा असेल तर स्पॅनिश बऱ्याचदा गोष्टीवेल्हाळपणाच्या वाटेने जाते. क्वेंतो म्हणजे गोष्ट, कथा. 'नो मे बेंगास कोन क्वेंतोस', मला गोष्टी सांगत येऊ नकोस. 'क्वेंतो चीनो', शब्दशः चिनी गोष्ट, म्हणजे लोणकढी थाप. स्पेनमध्ये मिलोंगा सांगतात, जो खरंतर दक्षिण अमेरिकेतला गाण्या-नाचाचा प्रकार आहे. अर्जेंटिनात 'बेर्सो' करतात, म्हणजे चक्क कविता. तिथला चामुयो हा शब्द तर ब्युनोस आयरेसच्या लुनफार्दो नावाच्या गल्लीबोलीतला, गोड गोड बोलून गळी उतरवणं, मग ते माल विकण्यासाठी असो की पोरगी पटवण्यासाठी. पात्रान्या म्हणजे रचलेली थाप आणि बुलो म्हणजे पसरवलेली अफवा, हल्ली स्पेनमध्ये फेक न्यूजसाठी हाच शब्द सर्रास वापरतात.

इथे सगळीकडे बोलणाऱ्याचं कौशल्य मान्य केलेलं आहे बघा. गोष्ट, गाणं, कविता. मूर्ख नाहीये तो, कलाकार आहे.

एक तत्त्वज्ञ आणि एक मानवशास्त्रज्ञ यात अडकले

हा नुसता सबटायटलवाल्यांचा प्रश्न आहे असं वाटत असेल तर दोन पुस्तकांची नावं बघा.

हॅरी फ्रँकफर्ट नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1986 मध्ये 'ऑन बुलशिट' हा निबंध लिहिला, 2005 मध्ये तो छोट्या पुस्तकाच्या रूपात आला आणि भलताच गाजला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की खोटं बोलणाऱ्याला खरं काय आहे याची फिकीर असते कारण त्याला ते लपवायचं असतं, पण बुलशिट करणाऱ्याला खरं-खोटं याच्याशी काही देणंघेणंच नसतं, त्याला फक्त छाप पाडायची असते. म्हणजे हा मूर्खपणाही नाही आणि सरळ खोटंही नाही, तिसरंच काहीतरी. आता स्पॅनिशमध्ये कप्पे दोन आणि हा माणूस म्हणतो माझा माल तिसऱ्या कप्प्यातला. मग काय, स्पॅनिश आवृत्तीने 'ऑन बुलशिट' इंग्लिशच ठेवलं आणि खाली उपशीर्षक लावलं, सत्याशी केलेल्या लबाड हाताळणीबद्दल, अशा अर्थाचं. मला हे हार मानणं वाटत नाही, प्रामाणिकपणा वाटतो.

दुसरं पुस्तक डेव्हिड ग्रेबर या मानवशास्त्रज्ञाचं, 2018 चं 'बुलशिट जॉब्स'. विषय असा की अशा कितीतरी नोकऱ्या आहेत ज्या करणाऱ्यालाच आतून माहीत असतं की याचा कुणाला काही उपयोग नाही, पण तसं न दाखवता रोज करत राहायचं. आणि ग्रेबर स्वतः बजावून सांगतो की बुलशिट जॉब आणि शिट जॉब यात गल्लत करू नका. शिट जॉब म्हणजे कष्टाचं, कमी पगाराचं, लोक हिणवतात असं काम, पण गरजेचं असतं ते, साफसफाईसारखं. बुलशिट जॉबला उलट पगार आणि मान दोन्ही चांगले असू शकतात. आणि स्पॅनिश आवृत्तीचं नाव काय? 'त्राबाखोस दे मिएर्दा'. शब्दशः शिट जॉब्स! म्हणजे लेखक आत ज्या गोंधळापासून सावध करतोय तोच मुखपृष्ठावर. आता प्रकाशकाची बाजू घ्यायची तर दुकानात ते नाव चटकन डोळ्यात भरतं, खटका तोच बसतो. पण अर्थाचा बळी गेलाच.

'मग शब्दशः का नाही करत? बैलाचं शेण म्हणा ना सरळ!'

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. 'मिएर्दा दे तोरो' म्हटलं तर व्याकरण बरोबर आहे, शब्दही बरोबर आहेत, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर गोठा येतो. आपण मराठीत भांडताना कोणाला 'बैलाचं शेण!' असं ओरडून बघा, समोरचा रागवायच्या ऐवजी मागे वळून बैल शोधेल.

गंमत म्हणजे दोन भाषांत कधी कधी प्राणी योगायोगाने जुळतात आणि तेव्हा जास्त फसायला होतं. इंग्लिशमध्ये गॉबल्डीगुक असा शब्द आहे, अगम्य सरकारी भाषेसाठी. तो टेक्सासच्या मॉरी मॅव्हरिक या राजकारण्याने 1944 मध्ये वैतागून काढला, टर्की पक्ष्याच्या गॉबल-गॉबल आवाजावरून. तिकडे अर्जेंटिना-उरुग्वेत पाबादा असा शब्द आहे, तो पण पाबोवरून आलेला, पाबो म्हणजे टर्कीच. म्हणजे जोडी जमली? अजिबात नाही. पाबादा म्हणजे बालिश किरकोळ बडबड, बावळटपणा. गॉबल्डीगुक म्हणजे डोक्यावरून जाणारी जडजंबाल भाषा. पक्षी एकच, पण इंग्लिशने त्याचा आवाज घेतला आणि स्पॅनिशने त्याचा चेहरा.

गॉबल्डीगुकला खरं तर स्पॅनिशमध्ये 'गालिमातियास' बसतं. आणि तोंडी असेल तर अजून एक झकास क्रियापद आहे, 'कान्तिन्फ्लेआर'. मेक्सिकोचे विनोदी नट मारियो मोरेनो, पडद्यावरचं नाव कान्तिन्फ्लास, त्यांचं पात्र तासभर बोलायचं आणि शेवटी काहीच सांगायचं नाही, त्यावरून लोकांनी क्रियापद केलं आणि स्पॅनिश भाषेच्या रॉयल अकादमीने ते 1992 मध्ये आपल्या कोशात घेतलं. इंग्लिशमध्ये याचा भाऊ शोभेल असा शब्द म्हणजे बंकम, ज्याचं पुढे बंक झालं. 1820 मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये मिझुरीवरची चर्चा चालू होती, सगळे कंटाळले होते, तरी नॉर्थ कॅरोलायनाचे फेलिक्स वॉकर भाषण थांबवेनात, म्हणाले मी माझ्या बंकम काउंटीसाठी बोलतोय. झालं, काउंटीचं नाव बदनाम. असल्या शब्दांचा जन्मदाखला दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, तळटीप द्या नाहीतर सोडून द्या.

'न्यूट्रल स्पॅनिश नावाची गोष्ट आहे ना?'

आहे. डबिंगच्या धंद्यात, मुख्यतः मेक्सिकोत, लॅटिन अमेरिकेतल्या सगळ्या देशांना चालेल अशी एक सपाट भाषा तयार झालीय. मोबाइल चार्जरचा तो जगभर चालणारा अॅडॉप्टर असतो ना, तशी. कुठेही बसते, पण कुठेच घट्ट बसत नाही, जरा धक्का लागला की निसटते. कारण स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा आहे आणि मूळ भाषिकच 50 कोटींच्या आसपास, आणि शिव्या-टोमणे हा असा माल आहे की प्रत्येक देशाने आपापला घरीच तयार केलाय.

पेंदेखो मेक्सिकोत मूर्ख, आणि तेही चांगलं झणझणीत. अर्जेंटिनात पेंदेखो म्हणजे पोरगेलासा, कोवळा पोरगा. त्यामुळे पेंदेखादा तिकडे पोरकटपणा होतो. माकाना अर्जेंटिनात थाप किंवा बकवास, आणि बऱ्याच ठिकाणी लाकडी दंडुका. उएबादा, म्हणजे मूर्खपणा, हा शब्द चिले-पेरूत इतका वापरतात की चिलेत तर त्याचा अर्थ नुसता 'ते हे' असा पण होतो, कुठलीही वस्तू. सगळ्यात धोक्याचा शब्द पाखा, म्हणजे वाळलेलं गवत. व्हेनेझुएलात 'आब्लार पाखा' म्हणजे फुकाची बडबड करणं. स्पेनमध्ये विद्यार्थी उत्तरपत्रिकेत पाखा भरतात, म्हणजे पाल्हाळ लावतात, इथपर्यंत ठीक. पण त्याच स्पेनमध्ये आणि इतर बऱ्याच ठिकाणी पाखाचा दुसरा एक अर्थ एकांतातल्या उद्योगाबद्दलचा आहे, तेव्हा व्हेनेझुएलाचं वाक्य तसंच्या तसं माद्रिदच्या मीटिंगमध्ये टाकू नका म्हणजे झालं.

देशादेशांत किती फरक असावा आणि तो किती दाखवावा यावर भांडणं पण होतात. 'रोमा' या मेक्सिकन सिनेमाला नेटफ्लिक्सने स्पेनसाठी स्पेनच्या स्पॅनिशमधली सबटायटल दिली होती, म्हणजे स्पॅनिशचं स्पॅनिशमध्ये भाषांतर. त्यात 'रागावणं'साठीचा मेक्सिकन शब्द एनोखार बदलून एन्फादार केला आणि गान्सितो नावाच्या मेक्सिकन केकचं गान्चितो नावाचं भलतंच कुरकुरीत खाणं झालं. 2019 च्या जानेवारीत दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन भडकले, सबटायटल काढली गेली. साध्या 'रागावण्या'वरून एवढं, मग शिव्यांचं काय होत असेल.

म्हणून न्यूट्रल डबिंगमध्ये बुलशिटचं तोंतेरियास, एस्तुपिदेसेस, पात्रान्यास असं काहीतरी इस्त्री केलेलं होतं. कुणाला खटकत नाही, कुणाला झोंबतही नाही.

'शिवी गाळली म्हणजे सेन्सॉरच केलं ना?'

कधी कधी हो, उगाच सोवळेपणा असतो. पण बऱ्याचदा प्रश्न वजनाचा असतो. बलोनी, पॉपीकॉक हे शब्द आजी पण म्हणू शकते, त्यांना खिलिपोयेसेस लावलं तर आजीच्या तोंडी भलतंच गेलं. त्यांना पाम्प्लिनास किंवा पापार्रुचास शोभतं, दोन्ही जुन्या वळणाचे, निरुपद्रवी. पाम्प्लिना तर एका बारक्या रानरोपाचं नाव आहे. डिकन्सच्या 1843 च्या नाताळकथेतला कंजूष स्क्रूज 'हंबग', म्हणजे थोतांड, म्हणतो ना, त्याला अनेक स्पॅनिश भाषांतरांत 'पापार्रुचास' आहे आणि फार फिट बसलंय, कारण कोशात पापार्रुचाचा एक अर्थच लोकांत पसरलेली खोटी, अडाणी बातमी असा आहे.

शब्दाचं वय ही वेगळी डोकेदुखी. जो बायडन यांचा मलार्की आठवा. 2012 च्या उपाध्यक्षपदाच्या वादात पॉल रायनना ते 'बंच ऑफ मलार्की' म्हणाले, 2019 च्या शेवटी आयोवात प्रचाराच्या बसवरच 'नो मलार्की' लिहून फिरले. ज्यांनी ऐकलं त्यातल्या तरुणांना हसू आलं, कारण शब्द आजोबांच्या काळातला. तोंतेरियास लिहिलं तर अर्थ आला पण आजोबा गायब. पाम्प्लिनासने आजोबा येतात पण मलार्कीतला 'मला फसवू नका' हा सूर पातळ होतो. पात्रान्यासने आरोप येतो पण हसू जातं. मी असतो तर बसवर पाम्प्लिनास लिहिलं असतं, आणि वादाच्या बातमीत पात्रान्यास. बसवर माणूस दिसायला पाहिजे, बातमीत आरोप.

'आता मशिन करतं की हे सगळं'

करतं, आणि पूर्वीपेक्षा बरंच बरं करतं, आजूबाजूचा मजकूर दिला तर अजून बरं. पण नुसता एक शब्द टाकलात तर त्याच्याकडे ना बोलणारा असतो, ना देश, ना भांडण कशावरून चाललंय ते. हे तीन विचारल्याशिवाय माणसालाही सांगता येणार नाही. म्हणून एखाद्या स्पॅनिश मित्राला 'बुलशिटला काय म्हणतात रे' विचारलं की तो उलट 'कुठे वापरायचंय?' विचारतो, तेव्हा तो टाळत नसतो.

आणि कधी कधी उत्तर नामात नसतंच मुळी. इंग्लिश माणूस एकच शब्द फेकून थांबतो, स्पॅनिश माणूस अख्खं वाक्य करतो. सुरुवातीला म्हटलेलं ते तिसरं सबटायटल आठवतंय? तिथे 'आंदा या' असू शकतं, चल काहीतरीच. मेक्सिकोत 'नो मामेस', किंवा आईसमोर त्याचं सभ्य रूप 'नो मांचेस'. स्पेनमध्ये कोणी फारच पेटलं तर 'इ ऊना मिएर्दा', तिथे शेण एकदाचं येतं, फक्त बैलाशिवाय. आणि 'आय कॉल बुलशिट' असं कोणी शांतपणे म्हणालं तर त्याला 'नो मे लो त्रागो' लावून बघा. शब्दशः, मी हे गिळत नाही. म्हणजे आपलं, हे काही माझ्या गळी उतरत नाही.